सरकारी शाळेला गावाची साथ: गोव्यातले नेहमीचे प्रश्न

पालक-शिक्षक संघ, देवस्थान समित्या, माजी विद्यार्थी आणि कंपन्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सरकारी आणि अनुदानित शाळांना जिथे वेगळे नियम लागतात, तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे.

१. सरकारी शाळेचा खर्च सरकार करते ना? मग गावाने पैसे कशाला घालायचे?

पगार, इमारत, पाठ्यपुस्तके, माध्यान्ह आहार ही सरकारची जबाबदारी आहे आणि ती सरकारनेच पार पाडली पाहिजे. त्यापलीकडे शाळेच्या हाती खर्चायला येते ते मुख्यतः समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेचे संयुक्त शाळा अनुदान. केंद्राच्या निकषांप्रमाणे ते पटावर ठरते: ३० मुलांपर्यंत वर्षाला १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार. त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे असतात. सत्तरीतल्या किंवा सांग्यातल्या एखाद्या वाड्यावरची १८ मुलांची शाळा घ्या. खडू-कागद, नळाची तोटी, विजेची किरकोळ दुरुस्ती, झाडू-फिनेल एवढ्यात १० हजार संपतात. वाचनाचा तास, पेटी-तबला, खेळाचा प्रशिक्षक, सहल यांना काही उरत नाही. गावाचा पैसा तिथे लागतो. गळके छप्पर किंवा रिकामे शिक्षकपद यांसाठी मात्र वर्गणी काढू नका. सरकारने जे द्यायचेच आहे ते गावाने दिले, की मागण्याचा जोरच संपतो (प्रश्न १३ पाहा).

२. शाळा पंचायतीची की सरकारची? अर्ज कोणाकडे करायचा?

महाराष्ट्रात प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे असतात, गोव्यात तसे नाही. इथे सरकारी शाळा थेट शिक्षण खात्याच्या. त्यामुळे अर्ज मुख्याध्यापकांकडे द्यायचा, तो तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत पर्वरीच्या शिक्षण संचालनालयात जातो. अनुदानित हायस्कूल असेल तर शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या व्यवस्थापनाशी बोलायचे. सरपंच आणि पंच सोबत असावेत, पण त्यांची परवानगी म्हणजे शाळेची परवानगी नव्हे.

३. पालक-शिक्षक संघ आणि शाळा व्यवस्थापन समिती यांत फरक काय? पैसे कोणी सांभाळायचे?

पालक-शिक्षक संघ शाळेतल्या सगळ्या पालकांचा. शाळा व्यवस्थापन समिती शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ खाली बनते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. सरकार, पंचायत किंवा इतर कोठूनही आलेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे हे कायद्याने या समितीचे काम आहे. म्हणजे देवस्थानाने दिलेले २० हजारही तिच्या नजरेखालून गेले पाहिजेत.

अनुदानित शाळांना अपवाद आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिथली समिती फक्त सल्ला देते, शेवटचा शब्द संस्थेचा असतो.

पैसे कोणाच्याही वैयक्तिक खात्यात किंवा वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नयेत, चार दिवसांसाठीसुद्धा नाही. संघाचे बँक खाते, निदान दोघांच्या सह्या, क्रमांक छापलेले पावतीपुस्तक आणि रोजकीर्द एवढे आधी उभे करा. बँक ठराव, पदाधिकाऱ्यांची यादी आणि पॅन मागते. दरवर्षी कार्यकारिणी बदलली की नव्या ठरावाने सह्या बदलायच्या असतात. हे राहून गेले की जुन्या खजिनदारांच्या मुलाची शाळा संपते, ते यायचे थांबतात आणि खाते अडकून पडते.

४. पालकांकडून वर्गणी घेतलेली चालते का?

प्रवेशाच्या वेळी किंवा प्रवेशाशी जोडून घेतलेली कोणतीही देणगी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे बेकायदा आहे आणि दंड घेतलेल्या रकमेच्या १० पटींपर्यंत होऊ शकतो. पावतीवर ‘ऐच्छिक’ छापल्याने काही बदलत नाही. सगळ्यांना एकच रक्कम सांगणे, वर्गात मुलाला उभे करून आठवण देणे, निकालपत्रक अडवून ठेवणे यांतले काहीही झाले की ती सक्ती झाली. खरोखर ऐच्छिक ठेवायची असेल तर प्रवेश आटोपल्यावर महिनाभराने सभेत विषय मांडा, रक्कम ठरवू नका आणि देणाऱ्यांची यादी रकमेसह फलकावर लावू नका. ज्यांना पैसे जमत नाहीत ते पालक पुस्तकांना वेष्टण घालायला, परसबागेला, कपाटे साफ करायला येतात. तो वाटा सभेच्या इतिवृत्तात नोंदवा.

५. आमच्याकडे उत्साह आहे, पण सुरुवात कुठून करायची?

वस्तूंची यादी करण्याआधी अडचण लिहून काढा. ‘स्मार्ट बोर्ड हवा’ ही अडचण नव्हे. ‘चौथीतल्या २२ पैकी ९ मुलांना तिसरीचा उतारा सलग वाचता येत नाही’ ही अडचण आहे, आणि तिचे उत्तर बहुधा बोर्ड नसून गोष्टीची पुस्तके आणि आठवड्यातले चार तास असते. शिक्षकांना विचारून अशा दोन-तीनच अडचणी निवडा आणि त्या शाळा विकास आराखड्यात घालून घ्या. आराखडा करणे समितीचे कामच आहे, आणि देणगीदारासमोर आराखड्यातले पान ठेवले की मागणी एका माणसाची राहत नाही.

मग सरकारकडून काय आधीच येते ते तपासा. समग्र शिक्षात वाचनालय आणि खेळ यांना वेगळी तरतूद आहे. सहावी ते आठवीसाठी कोडिंग-रोबोटिक्सची ‘केअर्स’ योजना सरकारी आणि अनुदानित शाळांत आहे. कंपनीकडून रोबोटिक्सचे संच मागायचे आणि शाळेत आधीचेच संच कपाटात, असे होऊ देऊ नका.

प्रस्ताव दोन पानांचा पुरे. सरकारी नोंदीतला शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक, इयत्तावार पट, अडचण, उपाय, आठवड्याचे वेळापत्रक, खर्चाचा तपशील, कोण जबाबदार आणि वर्षअखेरीस काय मोजणार. शेवटचा मुद्दा बहुतेक प्रस्तावांत नसतो आणि देणारा नेमका तोच विचारतो. वरच्या उदाहरणात मोजमाप सोपे आहे: जूनमध्ये, दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि मार्चमध्ये त्याच मुलांकडून त्याच पातळीचा उतारा वाचून घ्यायचा.

६. पैसे मागायचे कोणाकडे?

छोट्या आणि लगेच लागणाऱ्या गोष्टींसाठी देवस्थान समिती, चर्च, क्रीडा मंडळ, माजी विद्यार्थी, गावातले दुकानदार. देवस्थानाचा पैसा महाजनांच्या (देवस्थानाच्या सदस्यांच्या) सभेच्या मंजुरीने निघतो, म्हणून पत्र सभेच्या आधी पोचले पाहिजे. जत्रेच्या धामधुमीत दिलेले पत्र हरवते. पंचायतीकडून हवे असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या. रविवारच्या ग्रामसभेला दहा पालक हजर राहिले तर ठरावाला वजन येते.

डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे या खाणपट्ट्यातल्या शाळांना जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा मार्ग आहे. उत्तर आणि दक्षिण गोव्यासाठी वेगवेगळी प्रतिष्ठाने आहेत आणि खाणीने बाधित भागांत खर्चायच्या या निधीत शिक्षण अग्रक्रमाच्या यादीत आहे. वेळ लागतो, पण रक्कम मोठी असू शकते. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, शाळा समितीचा ठराव जोडून. कंपन्यांबद्दल प्रश्न ७ पाहा.

७. वेर्ण्याच्या कंपनीने ‘सीएसआर-१ आहे का’ असे विचारले. म्हणजे काय?

ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एखाद्या आकड्याला मागच्या वर्षी पोचला, तिला गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. यालाच सीएसआर, म्हणजे कंपनीचे सामाजिक दायित्व, म्हणतात. हे कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५. शिक्षण त्याच्या अनुसूचीत आहे आणि कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असेही कायदा म्हणतो. त्यामुळे वेर्णा, कुंडई, बेतोडा किंवा तुये औद्योगिक वसाहतीजवळच्या शाळेने बिचकायचे कारण नाही.

दुसऱ्या संस्थेच्या हातून काम करून घ्यायचे असेल तर त्या संस्थेची सीएसआर-१ या अर्जाने झालेली सरकारी नोंदणी लागते. १ एप्रिल २०२१ पासून ही अट आहे. पालक-शिक्षक संघाकडे ती नसते, म्हणून कंपनी त्याच्या खात्यात पैसे टाकत नाही. मार्ग दोन. एक, कंपनीने स्वतः विक्रेत्याला पैसे देऊन वस्तू किंवा सेवा शाळेला पुरवायची. दोन, नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत कार्यक्रम चालवायचा. खर्चातून उभी राहिलेली मालमत्ता कोणाच्या नावावर हेही नियमांत आहे: ती सार्वजनिक प्राधिकरणाकडे, नोंदणीकृत धर्मादाय संस्थेकडे किंवा लाभार्थी गटाकडे असावी लागते, कंपनीकडे नाही. सरकारी शाळेची वस्तू खात्याच्या नावे चढते. अनुदानित शाळेची संस्था ती घेणार असेल तर संस्थेकडेच सीएसआर क्रमांक हवा, आणि इथेच प्रस्ताव मार्चमध्ये कोसळतात.

वेळ सांभाळा. कंपनीचे वर्ष एप्रिल ते मार्च. जानेवारीत घाईने आलेला निधी ३१ मार्चपूर्वी संपवायचा म्हणून वस्तूंवरच जातो. वर्षभराचा कार्यक्रम हवा असेल तर आधीच्या डिसेंबरातच बोलणी सुरू करा आणि काम बहुवर्षीय प्रकल्प म्हणून मंजूर करायला सांगा. तशा प्रकल्पाचा न खर्चलेला पैसा कंपनी वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरू शकते.

८. विद्यांजली पोर्टलचा खरोखर उपयोग होतो का?

होतो, पण मागणी नेमकी लिहिली तरच. हे केंद्राचे पोर्टल सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी आहे, सध्याचे रूप सप्टेंबर २०२१ पासूनचे. शाळा यू-डायस क्रमांकाने नोंद करते, सेवा किंवा वस्तूची मागणी टाकते, स्वयंसेवक इच्छा कळवतो, शाळा पारखून स्वीकारते. ‘पुस्तके हवीत’ असे टाकले तर जुनी गाइडे येतात. ‘पहिली-दुसरीसाठी मोठ्या अक्षरांची मराठी आणि कोकणी चित्रपुस्तके, ४० प्रती’ असे टाका.

९. देणगीदार ओळखीचेच आहेत. लेखी करार लागतो का?

लागतो. गोव्यात असे बहुतेक उपक्रम एका मुख्याध्यापिकेच्या आणि एका देणगीदाराच्या ओळखीवर चालतात. बाईंची बदली झाली की नव्या बाईंना काय ठरले होते ते ठाऊक नसते, प्रशिक्षक दोन महिने मानधनाविना येतो आणि मग यायचा थांबतो. म्हणून करार माणसाच्या नावे नको, पदाच्या नावे करा.

एक पान पुरे, पण त्यात पुढील गोष्टी स्पष्ट असू द्या. कोण काय देणार आणि कोणत्या तारखांना: कार्यक्रमासाठी हप्ते बरे, उदाहरणार्थ जूनमध्ये ५० टक्के, ऑक्टोबरात ३०, आणि विनियोग दाखला (पैसे ठरल्याप्रमाणे खर्चल्याचा) मिळाल्यावर २०. शाळा काय देणार: खोली, तास, किल्ली कोणाकडे, वीजबिल कोणाचे. वस्तू कोणाच्या नावे नोंदवायची आणि बिघडल्यास दुरुस्ती कोण करणार. कार्यक्रम थांबवायचा झाला तर तीन महिन्यांची सूचना, आणि वर्षाच्या मध्ये थांबवायचा नाही.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे देखभालीची रक्कम. एक लाखाची वस्तू घेणार असाल तर ८० हजारांची घ्या आणि २० हजार तीन वर्षांच्या देखभालीसाठी बाजूला ठेवा. देणाऱ्याला हे पटवणे अवघड जाते, कारण देखभालीचे उद्घाटन होत नाही. तरी पटवाच. ते मान्य नसेल तर ती वस्तू न घेतलेली बरी.

१०. देणगीवर आयकरात सूट मिळेल का?

देणगी घेणाऱ्या संस्थेला आयकर खात्याची देणगी-सुटीची (८०जी) मान्यता असेल तरच. पालक-शिक्षक संघाला ती सहसा नसते, शाळा चालवणाऱ्या संस्थेला असू शकते. मान्यता असली तरी २००० रुपयांवरच्या रोख देणगीला सूट नाही, वस्तुरूप देणगीला नाही आणि नवी करप्रणाली निवडलेल्यालाही नाही. देणाऱ्याला हे आधी सांगा. सूट मिळेल असे मोघम बोलून घेतलेली देणगी दुसऱ्या वर्षी येत नाही.

११. भाऊ इंग्लंडमध्ये स्विंडनला आहे, पोर्तुगीज पासपोर्टवर. त्याने गावच्या शाळेला पैसे पाठवले तर?

थांबा, आधी पासपोर्ट पाहा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी गोंयकाराने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय अंशदान ठरत नाही, मग तो दुबईत असो की लंडनमध्ये. पोर्तुगीज किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतले असेल तर तो कायद्याने परकीय स्रोत आहे, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरीही. म्हापशाच्या बँकेतल्या खात्यातून रुपयांत दिले तरी फरक पडत नाही. पाठवलेला लॅपटॉपही त्यातच मोडतो.

अशी देणगी घ्यायला संस्थेकडे परकीय अंशदान नियमन कायदा २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. नोंदणीसाठी संस्था निदान तीन वर्षे जुनी आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाख खर्च केलेली असावी लागते आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. पालक-शिक्षक संघ हे करू शकत नाही. आईच्या खात्यात पाठवून आईच्या नावे देणगी दाखवणे ही पळवाट आहे आणि गोत्यात शाळा चालवणारी संस्था येते. नोंदणी असलेल्या संस्थेने पैसे घेऊन दुसऱ्या संस्थेला द्यायलाही २०२० पासून बंदी आहे. तिने कार्यक्रम स्वतः राबवला तर चालते.

भाऊ सुट्टीवर आला की मुलांना फुटबॉल शिकवू शकतो, इंग्रजी गोष्टी वाचून दाखवू शकतो. त्याला प्रश्न १४ मधली पडताळणी लागते.

१२. गेल्या वर्षी मिळालेले पाण्याचे यंत्र आणि स्मार्ट बोर्ड बंद पडले. असे का होते?

पाण्याचे यंत्र बहुधा चुकीचे निवडलेले असते. देणगीदार आरओ देतात कारण ते भारी वाटते. आरओ क्षार काढण्यासाठी असते, आणि गोव्यातले नळाचे पाणी सहसा मऊ. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे, काही शे रुपयांचे टीडीएस मीटर नळाखाली धरा. आकडा ५०० च्या खाली असेल तर आरओची गरजच नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये हीच मर्यादा धरली होती. गाळणी आणि यूव्ही दिवा पुरतो, पाणीही वाया जात नाही. पावसाळ्यात लाल गाळाने गाळणीचे काडतूस चटकन भरते, ते दर दोन-तीन महिन्यांनी पाहावे. यूव्ही दिवा वर्षाने बदलावा, तो जळत दिसला तरी त्याचा जोर उतरलेला असतो. विहिरीचे पाणी असेल तर आधी जंतूंची तपासणी. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या विहिरीला मात्र आरओ लागू शकते.

बोर्ड, संगणक, प्रोजेक्टर यांना मारते ती उन्हाळ्याची सुट्टी. महिना-दीड महिना खोली बंद, मग कौलांतून पहिला पाऊस, भिंतीला ओल, आत मुंग्या आणि पाली, वर मॉन्सूनपूर्व विजा. सुट्टी लागायच्या दिवशी प्लग भिंतीतून काढा, नुसते बटण बंद करून भागत नाही. यंत्र झाका, लॅपटॉप सिलिका जेलच्या पुड्यांसह लोखंडी कपाटात ठेवा आणि आठवड्यातून एकदा खोली उघडून यंत्रे तासभर सुरू ठेवा. हे कोण करणार त्याचे नाव फलकावर लिहा. बोर्ड बसवण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या शाळांत ते पुष्कळदा नावालाच असते.

पुस्तकांच्या कपाटाला भिंतीपासून चार बोटे अंतर आणि खाली चिऱ्याचे तुकडे, नाहीतर वाळवी एका चतुर्थीच्या सुट्टीत खालचा खण संपवते.

१३. शिक्षक कमी आहेत. गावाच्या पैशांतून एक नेमला तर?

आधी हक्काचा मागा. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, पुढे साधारण ३० मुलांमागे एक. समितीच्या ठरावासह भागशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी द्या आणि पोच घ्या. गावाच्या पैशांतून संगीत, चित्रकला, खेळ, वाचन यांसाठी जादा माणूस नेमावा, वर्गशिक्षकाच्या जागी नाही. नेमणूक देणाऱ्या संस्थेची असावी, शाळेची नव्हे. मुदत शैक्षणिक वर्षापुरती, मानधन बँकेतून, आणि सरकारी नोकरीवर हक्क नाही हे पत्रात स्पष्ट. हे लिहिलेले नसले की पाच वर्षांनी त्या माणसाच्या आशेचाही प्रश्न होतो, आणि त्याचे उत्तर कोणाकडे नसते.

१४. बाहेरच्या प्रशिक्षकाला मुलांसोबत ठेवताना काय पाहायचे?

ओळखपत्र, पोलीस पडताळणी आणि आधी काम केलेल्या ठिकाणी एक फोन. तास उघड्या दाराच्या खोलीत किंवा मैदानावर, शाळेचा एक शिक्षक हजर, मुलाला एकट्याने घरी बोलावणे नाही. काही गैर कळले तर मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. ‘गावातल्या गावात मिटवू’ हा गुन्हा दडपण्याचा प्रकार आहे. प्रशिक्षक सरपंचांचा भाचा असला तरी नियम तेच.

१५. प्रायोजकाला नाव, बॅनर, फोटो हवे आहेत. किती मान्य करायचे?

कृतज्ञतेची छोटी पाटी ठीक. भिंतभर जाहिरात, गणवेशावर चिन्ह किंवा मुलांना ओळीत उभे करून धनादेशाचे फोटो नकोत. केवळ बाजारासाठी केलेले प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरलेच जात नाही, हे कंपनीला नम्रपणे सांगता येते. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीनेच.

तंबाखू उत्पादनांचे प्रायोजकत्व कायद्याने बंद आहे. अति साखर, मीठ आणि चरबीच्या पदार्थांची विक्री किंवा जाहिरात शाळेत आणि आवारापासून ५० मीटरच्या आत चालत नाही, त्यामुळे क्रीडादिनाला शीतपेयाचा बॅनर नको. कॅसिनो आणि मद्य कंपन्यांबद्दल गोव्यात वारंवार विचारणा होते. त्यांच्या सीएसआरवर सरसकट बंदी नाही. तरी आमचे मत असे की प्राथमिक शाळेने असे नाव मुलांसमोर आणू नये. घ्यायचेच तर समितीत चर्चा करून, पाटी आणि समारंभ दोन्हींशिवाय.

१६. मुलाच्या वाढदिवसाला शाळेत जेवण द्यायचे आहे.

माध्यान्ह आहाराच्या पीएम पोषण योजनेत याला तिथी भोजन म्हणतात आणि ते चालते. रोजच्या आहारात भर म्हणून किंवा त्या दिवशीचे खास जेवण म्हणून. आहार पुरवणाऱ्या स्वयंसाहाय्य गटाला निदान आठवडाभर आधी कळवा, नाहीतर त्यांची पावभाजी वाया जाते. ताजे शिजवलेले द्या, वाढण्याआधी शिक्षकांनी चव घेऊन नोंद करावी. क्रीमचा केक आणि आदल्या रात्रीचे पदार्थ नकोत.

१७. शाळेमागे शेड बांधून द्यायला एक जण तयार आहे. सुरू करू का?

आधी जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढा. गोव्यातल्या कितीतरी शाळा कोमुनिदादीच्या (गावकारांच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या), देवस्थानाच्या किंवा भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जागेत आहेत आणि कागदावर शाळेचे नाव नसते. जागामालकाची लेखी संमती, खात्याची परवानगी आणि पंचायतीचा बांधकाम परवाना मिळाल्यावरच चिरा टाका. फक्त सावली हवी असेल तर हलवता येणारा मंडप तात्पुरता बरा.

१८. पट घटून शाळा बंद झाली किंवा शेजारच्या शाळेत विलीन झाली तर आम्ही दिलेल्या वस्तूंचे काय?

सरकारी शाळेच्या डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत चढलेली वस्तू खात्याची होते, ती देणाऱ्याने किंवा गावाने परत नेता येत नाही. म्हणून करारातच एक ओळ घाला: शाळा बंद झाल्यास वस्तू ती मुले ज्या शाळेत जातील तिथे द्याव्यात. नोंदवहीत प्रत्येक वस्तूपुढे देणाऱ्याचे नाव, तारीख आणि अनुक्रमांक लिहून घ्या आणि त्या पानाची सही-शिक्क्याची प्रत स्वतःकडे ठेवा. विलीनीकरणाचा आदेश आला की त्या प्रतीसह भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे लगेच पत्र द्या, खोलीला कुलूप लागण्याआधी. संघाच्या खात्यात उरलेल्या पैशांसाठी शेवटची सर्वसाधारण सभा घेऊन ठराव करावा लागतो. पालक नव्या शाळेत विखुरले की गणपूर्ती होत नाही, म्हणून हे वर्ष संपण्याआधीच उरका.